पेटीतली पांढरी साडी

माझी जीभ तिखट आहे, हे शरणपूरच्या आमच्या अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. रविवारच्या शाळेत पोरांना प्रेमाने वागायला शिकवणारीही मीच, आणि उपासनेला उशिरा येणाऱ्याकडे मान वळवून डोळे वटारणारीही मीच. पण सत्त्याण्णव सालच्या नाताळाच्या आदल्या दिवशी माझ्या तोंडून जे निघालं आणि त्यानंतर माझ्या कानांनी जे ऐकलं, त्याचा धक्का अजून ओसरलेला नाही. आज सांगूनच टाकते.

आमचे हे, रंगनाथ, सातपूरला एका कारखान्यात फिटर होते. ऑक्टोबरात मशीनपाशीच छातीत कळ आली. तीन नळ्या बंद, मुंबईला जाऊन बायपास करायचं, तारीख एकोणतीस डिसेंबर. डॉक्टरांनी बजावलं होतं, की टाळाटाळ नको. पण हा माणूस हो म्हणेना, नाही म्हणेना. मुलाने, ललितने, विचारलं तरी "नाताळ तर होऊ दे," आणि पाळकसाहेब घरी येऊन समजावून गेले तरी "नाताळ तर होऊ दे." माझा जीव नुसता टांगणीला लागला होता.

डिसेंबरच्या सुरुवातीला हे ओट्यावर बसून दारातल्या ताऱ्यासाठी बांबूच्या काड्या तासत होते. आमच्याकडे तारा विकत आणत नाहीत. काड्या यांच्या, खळ माझी, जिलेटीनचा रंग ललितच्या पसंतीचा. मी खळ ढवळत होते, तेवढ्यात हे म्हणाले, "प्रतिभा, या नाताळाला लग्नातली साडी नेस की."

"काहीतरीच! पन्नाशी आली माझी. लोक हसतील."

"लोकांना कुठं दाखवायचीय? मला बघायचीय. एकदा."

"आधी मुंबईला जाऊन या, मग बघा काय बघायचं ते," म्हणून मी झटकून टाकलं. पण बाईचं मन ते, आत कुठेतरी सुखावलंच. हे ललितबरोबर तपासणीला गेले त्या दिवशी मी साडी बाहेर काढली. एकोणसत्तर सालची, पांढरी रेशमी, काठाला रुपेरी जर आणि जरीत बारीक द्राक्षाची वेल. रिठ्याच्या पाण्यात धुतली, सावलीत वाळवली, हलकी इस्त्री फिरवली आणि पेटीत अगदी वर ठेवली. कुणाजवळ एक अक्षर बोलले नाही. म्हटलं, नाताळच्या सकाळी एकदम समोर जाऊन उभी राहीन, बघू दे म्हाताऱ्याला डोळे भरून.

आता माझ्या सुनेचं सांगते. मनीषा मखमलाबादची. माहेरी फुलशेती, झेंडू आणि शेवंती. ललितने टायपिंगच्या क्लासात तिला पाहिलं आणि घरी येऊन सांगितलं, हीच. तिच्या काकांना दारात मांडव हवा होता, मला देवळात, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, लग्न हवं होतं. दोन्हीकडचा हट्ट सुटेना, तेव्हा दोघांनी कोर्टात सह्या केल्या आणि मे महिन्यात पेढ्यांचा पुडा घेऊन दारात उभे राहिले. मी आठवडाभर गप्प होते. मी गप्प बसले म्हणजे काय, ते ललितला विचारा.

पण पोर गुणाची निघाली. हाताला तर काय वळण! आल्याआल्या पहिल्याच नाताळाला म्हणाली, "आई, सजावट मी करते, बाबांना शिडीवर चढू द्यायचं नाही." रविवारच्या शाळेतल्या पोरांना भेट म्हणून बटवे शिवायला घेतले. बत्तीस पोरं, बत्तीस बटवे, प्रत्येकावर वेगळं फूल. कापड कुठून आणू म्हणाली, तर मी करंज्या तळता तळता मागे न बघता सांगितलं, "पेटीत जुनं पुष्कळ पडलंय, लागेल ते घे." अहो, माझ्या जिभेला पुढचा विचार म्हणून नाहीच.

चोवीस तारखेला दुपारी मी देवळात गेले. महिला मंडळाने पितळी दिवे घासायला घेतले होते, मग गाण्यांचा सराव झाला. पाचच्या सुमारास परतले तर दाराला झेंडूचं तोरण! नाताळाला झेंडूचं तोरण आमच्या गल्लीत कुणी बांधलं नव्हतं. मी कपाळावर हात मारणार होते, पण आत पाय टाकला आणि बघतच राहिले.

घरभर तारे. कागदाचे नाहीत, कापडाचे. आत पुठ्ठा, वरून पांढरंशुभ्र कापड ताणून शिवलेलं, कडेला चमचम. खिडकीत, घड्याळाखाली, आमच्या लग्नाच्या फोटोभोवती, आणि बाळ येशूच्या गव्हाणीवर तर सात-आठ एकदम. शेजारच्या सिंधुबाई कौतुकाने मान वर करून उभ्या होत्या. "प्रतिभाबाई, सून आणलीत की कारागीर आणलात?" मीही फुगले हो. म्हटलं, बघू तरी कसं शिवलंय, आणि एक तारा हातात घेतला.

काठावर द्राक्षाची वेल होती.

तारा हातात तसाच धरून मी पेटीकडे धावले. पेटी उघडी, वरची घडी नाही. शिलाई मशीनखाली बघितलं तर पांढऱ्या चिंध्यांचा ढीग, आणि मशीनवर उरलेला पदर, दीड-दोन हात. मी तो उचलून छातीशी धरला आणि ओरडले ते पार कोपऱ्यावरच्या चक्कीपर्यंत ऐकू गेलं असेल.

"कुणाला विचारून कापलीस?"

मनीषा भिंतीला टेकून उभी होती.

"विचारतेय मी! कुणाला विचारून?"

"कुणालाच नाही."

"चुकलं तरी म्हण!"

"नाही चुकलं," ती म्हणाली. डोळ्यांत पाणी नाही, आवाजात कंप नाही. "मुद्दाम कापलं."

मुद्दाम! माझ्या डोक्यात सणक गेली. आणि मग ते तोंडून निघालं. "पांढऱ्या पायाची! घरात पाय ठेवलास आणि पाच महिन्यांत माझ्या नवऱ्याच्या जिवावर उठलीस!"

सिंधुबाई पदर सावरत मुकाट्याने बाहेर पडल्या. माझंच मला खरं वाटेना. शकुन-अपशकुन सगळं खोटं, असं वीस वर्षं पोरांना शिकवणारी बाई मी. असला घाणेरडा शब्द माझ्या पोटात कुठे दडून बसला होता, देव जाणे. ओट्यावरून हे उठून दारात आले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

मनीषाचा चेहरा पांढराफटक पडला. पण ती बोलायला लागली ती थांबली नाही.

"आई, मी आठ वर्षांची होते. आमचे आण्णा दवाखान्यात होते. बोलत होते, पेज पीत होते. आणि आमच्या आजीनं पांढरं लुगडं आणून फडताळात ठेवलं. घरात सगळ्यांना माहीत. मला वाटलं सणाचं आहे, मी हात फिरवून बघितलं. तिसऱ्या दिवशी आण्णा गेले आणि तेच लुगडं माझ्या आईला नेसवलं. आई तीस वर्षांची होती हो." तिने श्वास घेतला. "परवा कापड शोधायला पेटी उघडली, तर वरच पांढरी साडी. धुतलेली, इस्त्री केलेली. काठाला जर होती, पण पांढरी ती पांढरीच. बाबा बाहेर ताऱ्याला कागद चिकटवत होते आणि तुम्ही इकडे तयारी करून ठेवली होती. मी ठरवलं, ही साडी या घरात राहणार नाही. तारे केले म्हणजे कुणाला नेसताच येणार नाही. परत दिसली तर परत कापीन."

मी खाली बसले.

"अगं बये," मी म्हणाले, "अगं, ती माझी लग्नातली साडी."

"लग्नातली?"

"आमच्यात नवरी पांढरीच साडी नेसते."

तिने भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं. एकोणसत्तर सालचा फोटो, काळा-पांढरा. त्यात सगळेच रंग फिकट, यांचा कोटसुद्धा राखाडी. "मला वाटलं पिवळी असेल," ती पुटपुटली. "हळदीची." आणि मग तिला कळलं आपण काय केलंय ते. तोंडावर हात गेला. धावत जाऊन ती गव्हाणीवरचे तारे ओरबाडून काढायला लागली, शिवण उसवायला लागली, जणू तुकडे जोडले की साडी परत होणार होती. ज्या पोरीच्या डोळ्यांत मघाशी टिपूस नव्हता, ती आता हमसून हमसून रडत होती.

देवळात लग्न लागलं असतं तर तीही पांढरी साडी नेसली असती, तिला कळलं असतं. हट्ट कुणाचा होता? माझा निम्मा.

"राहू दे मनीषा, उसवू नको," हे म्हणाले. खुर्चीवर येऊन बसले, थोडा दम खाल्ला. "पोरीचं सगळंच काही चुकलेलं नाही. प्रतिभा, साडी नेस म्हणालो ना मी तुला, ते शेवटचं बघून घ्यावं म्हणून. मुंबईला मला जायचंच नव्हतं. नाताळ झाला की नाही म्हणून सांगणार होतो. टेबलावर मरण्यापेक्षा घरात मरावं, असं ठरवलं होतं मी."

अठ्ठावीस वर्षं या माणसाशी संसार केला आणि मला पत्ता नाही! मला त्यांना धरून गदागदा हलवावंसं वाटलं. पण त्यांना बोलायचं कुठल्या तोंडाने? कारण माझ्याही मनात एक होतं. ते मी कुणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलासुद्धा नाही.

"माझंही ऐका," मी म्हणाले. "आमच्यात नवऱ्याच्या मातीच्या दिवशीसुद्धा बाई पांढरंच नेसते, मनीषा. इस्त्री करताना माझ्या मनात आलं होतं, यांना काही झालंच तर हीच नेसायची. जिच्यात आले तिच्यातच पोचवायचं यांना. क्षणभरच आलं, पण आलं. म्हणून ती पेटीच्या तळाला परत गेली नाही, वर राहिली. तू जे बघितलंस ते खरंच बघितलंस."

बाहेर कुणाच्या तरी घरी ढोलकीवर नाताळची गाणी सुरू झाली होती.

मनीषाने पदराने नाक पुसलं. मग सरळ यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. "बाबा, साडी तर आता नाही. शेवटचं बघायला काही उरलंच नाही. एकोणतीसला मुंबईला चला."

हे तिच्याकडे बघत राहिले आणि मग हसले, छातीवर हात दाबून, ठसका लागेपर्यंत. "हिच्या हातात कात्री आहे बाई, हिच्याशी कोण वाद घालणार! चला."

"लिहून द्या," ती म्हणाली.

"देतो."

मी उठले. आयुष्यात कुणाची माफी मागायची मला सवय नाही. "मी तुला तो शब्द बोलले. बोलायला नको होता. माझं चुकलं."

"लागलाय आई तो," ती म्हणाली. "लगेच नाही जायचा."

खरं होतं ते. माझ्या हातात अजून तो पदर होता, मुठीत चुरगळलेला. मी तो टेबलावर पसरला, हाताने सारखा केला आणि म्हटलं, "हाही उरायला नको, याचाही तारा करू. कात्री दे." तिने माझ्याकडे नीट बघून घेतलं आणि मगच दिली. मला कापता येईना. रेशीम निसटत होतं.

मनीषा पलीकडच्या बाजूला जाऊन उभी राहिली आणि तिने दोन्ही टोकं घट्ट ताणून धरली. "आता कापा," ती म्हणाली.