काठाकडे तोंड

"पेलिकन!" मिसेस डॉयलनं बोट दाखवलं, आणि लोटन मास्तरांनी मान डोलावली.

तळ्याच्या कडेला लाकडी धक्क्यावर हातभर चोचीचे पांढरे पक्षी ओळीनं बसले होते. एक माणूस मासे साफ करून आतडी फेकत होता आणि ते वरच्या वर झेलत होते. "यस, थँक्यू," मास्तर म्हणाले. त्यांचं इंग्रजी कवायतीच्या मैदानापुरतं होतं. अटेन्शन, अबाउट टर्न, डिसमिस. त्यातलं काहीच इथं उपयोगाला येत नव्हतं, म्हणून तीन दिवस ते प्रत्येक गोष्टीला यस आणि थँक्यू म्हणत होते.

बाई मनानं चांगली होती, पण तिनं त्यांना अगदी भंडावून सोडलं होतं. पाहुणा आला आहे तर गाव दाखवायचं, एवढं एकच तिला सुचत होतं. हे न्यूकॅसल विलायतेतलं नव्हे, पार दक्षिणेकडच्या खंडातलं; तसं आपल्या धुळ्यासारखंच मधल्या अंगाचं गाव, फक्त समुद्र अगदी गळ्याशी. तिनं त्यांना दीपस्तंभ दाखवला, कोळसा भरायला ताटकळणारी जहाजं दाखवली, पोलादाच्या कारखान्याचा धूर दाखवला, खडक कोरून समुद्रकाठी बांधलेला पोहण्याचा हौद दाखवला. अंगावरची साल टाकून उघडी पडलेली पांढऱ्या खोडांची झाडं होती, त्या जंगलात नेऊन तिनं त्यांना थर्मासमधला चहा पाजला. तिथं एक जाडा पक्षी फांदीवर बसून माणसासारखा खदाखदा हसला. मास्तरांना त्याला दगड मारावासा वाटला.

सगळं दाखवलं. फक्त ज्या चौपाटीसाठी ते सात समुद्र ओलांडून आले होते, त्या वळणावर आली की बाई गाडी दुसरीकडे वळवायची.

हिरामण तिच्याच घराच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहत होता. लोटन मास्तरांचा एकुलता एक मुलगा, वीज मंडळातला इंजिनियर, सरकारी योजनेतून वर्षभराच्या प्रशिक्षणाला आलेला. दिवाळी झाली आणि जळगावला तार आली, की हिरामण सकाळी समुद्रात पोहायला गेला तो परत आला नाही. शोध घेतला, प्रेत सापडलं नाही.

तार वाचून दाखवली तेव्हा हिरामणची आई धुरपदाबाई रडल्या नाहीत. उलट चिडल्या. "हाऊ कागद खोटा शे," त्या म्हणाल्या. "मना हिरामण पानीमा बुडाव नही. मेहरूणना तलाव ह्या काठथीन त्या काठलोंग पोहीसन जास तो. तो बुडी?"

आणि जमलेल्या लोकांनीही माना डोलावल्या, कारण गोष्ट खरी होती. लोटन मास्तर शाळेत कवायतीचे मास्तर. निम्म्या जळगावाला त्यांनी मेहरूणच्या तलावात पोहायला शिकवलं होतं. पाठीला रिकामा डबा बांधून पोराला पाण्यात ढकलायचं आणि आपण काठावर शिट्टी घेऊन उभं राहायचं. शिकवण एकच. "तोंड काठाकडे! नजर काठावर! दम गेला तरी काठ सोडायचा नाही!" त्यांच्या हाताखालचं एकही पोर कधी बुडालं नाही, हा त्यांच्या आयुष्यातला एकमेव अभिमान होता आणि तो त्यांनी कधी लपवला नव्हता. त्यात हिरामण म्हणजे त्यांचा पहिला नंबर.

मग असं पोर बुडेल कसं? कुठल्या तरी जहाजानं उचललं असेल. डोक्याला मार लागून स्मृती गेली असेल. गाव चांगलं होतं, ज्याला जे सुचेल ते धुरपदाबाईंना सांगून जायचं.

यात मरण झालं हिरामणच्या बायकोचं, सुनंदाचं. लग्नाला पुरती दोन वर्षं नव्हती झाली. सासूनं तिला कुंकू पुसू दिलं नाही, उलट बाजारातून हिरव्या बांगड्या आणून स्वतःच्या हातानं भरल्या. संक्रांतीला गल्लीतल्या बायका पेचात पडल्या. हळदीकुंकवाला बोलवावं तर अशुभ, न बोलवावं तर धुरपदाबाई भांडायला येणार. शेवटी सगळ्यांनी वाण तिच्या उंबऱ्यावर ठेवलं आणि तोंड न दाखवता पळ काढला. सुगडी ओळीनं तशीच पडून राहिली. तिचा भाऊ धुळ्याचा. त्यानं तिथल्या नर्सिंगच्या शाळेत तिच्यासाठी शब्द टाकून ठेवला होता. धुरपदाबाईंनी त्याला दारातूनच परत पाठवलं. "नवरा येई तवय घरमा कोन ऱ्हाई? तुनी बहीन धुळ्याले सुया टोचत बसी का?"

न्यूकॅसलच्या लोकांनी वर्गणी काढून बापाला विमानाचं तिकीट पाठवलं. निघायच्या दिवशी सुनंदा डब्यात दशम्या भरत होती. मान वर न करता म्हणाली, "आबा, जे असेल ते सांगा. गेले म्हणा, नाहीतर आहेत म्हणा. पण परत येऊन 'बघू' म्हणू नका. माझ्यानं आता बघू होत नाही."

मास्तरांनी तिला शब्द दिला. आणि इथं येऊन ते पेलिकन बघत होते.

चौथ्या दिवशी सकाळी मिसेस डॉयल गाडीची किल्ली घेऊन आली तेव्हा मास्तर बूट घालून अंगणात ताठ उभे होते. "नो पेलिकन," ते म्हणाले. "हिरामण. हिरामण प्लेस."

बाई खुर्चीत बसली आणि तोंडाला रुमाल लावून रडली. मग तिनं त्रिपाठींना फोन केला. हे त्रिपाठी लखनौचे, पण इथल्या विद्यापीठात शिकवत. ते एका म्हाताऱ्याला बरोबर घेऊन आले. म्हातारा कोळशाच्या खाणीत काम केलेला, आता खडकावर बसून गळ टाकणं हाच त्याचा उद्योग. हिरामणला शेवटचं पाहिलं ते त्यानंच.

चौपाटी अगदी साधी होती. पिवळी वाळू, लहान लहान लाटा, दोन बायका कुत्रं घेऊन चाललेल्या. मास्तरांना वाटलं होतं काहीतरी अक्राळविक्राळ असेल. हे पाणी तर मुलांना पोहायला शिकवावं असं होतं. तिकडे यंदा मेहरूणच्या तळाला भेगा पडल्या होत्या, दुष्काळानं गावात नळ दिवसाआड येत होता. आणि इथं डोळा पोचेल तिथपर्यंत पाणीच पाणी, कुणाला काही पडलेलं नाही.

म्हातारा बोलत होता, त्रिपाठी सांगत होते. "मास्टरजी, ये कहते हैं, बहुत अच्छा तैरता था. इतना अच्छा, कि इनको लगा कोई खिलाड़ी है, प्रॅक्टिस कर रहा है. इसलिए आवाज़ नहीं दी."

"कितना टाइम?" मास्तरांनी विचारलं.

"बहुत देर. आधा घंटा भी हो सकता है."

"और पुढे जात नव्हता?"

त्रिपाठींनी विचारलं. म्हाताऱ्यानं 'नाही' अशी मान हलवली. मग तो गुडघ्यावर बसला आणि वाळूत बोटानं रेघा ओढायला लागला. लाटा काठावर येतात, हे सगळ्यांना दिसतं. पण आलेलं पाणी परत जातं ते एखाद्या बोळासारख्या वाटेनं, आणि ती वाट वरून दिसत नाही, उलट तिथंच पाणी शांत वाटतं. त्यात सापडलेला माणूस काठाकडे कितीही हात मारो, पाणी त्याला आत ओढतं. तो जागच्या जागी पोहत राहतो आणि दमून बुडतो. म्हाताऱ्यानं त्या बोळावर बोट ठेवलं आणि आडवं, काठाला समांतर फिरवलं. नुसतं बाजूला जायचं. थोडंसं. बोळ संपला की लाटाच उचलून काठाला आणून टाकतात. इथल्या शाळेतल्या पोरांनाही हे माहीत असतं.

मास्तर त्या रेघांकडे बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, "उसका मुंह किधर था?"

"किनारे की तरफ़," त्रिपाठींनी म्हाताऱ्याला विचारून सांगितलं.

"पूरा टाइम?"

म्हाताऱ्याला प्रश्न कळला असावा. त्यानं त्रिपाठींची वाट न बघता स्वतःच्या छातीवर हात ठेवला आणि मग काठाकडे केला, थेट, सरळ. नजर एकदासुद्धा काढली नाही त्यानं, असं तो म्हणाला.

मास्तर वाळूत बसले. बायकांचं कुत्रं येऊन त्यांचा हात हुंगून गेलं. पोरगा शिकवलेलं विसरला असता तर वाचला असता. घाबरला असता, हातपाय झाडत भलतीकडे वाहवत गेला असता, तरी वाचला असता. पण तो पहिला नंबर होता. काठ सोडायचा नाही म्हटल्यावर त्यानं तो सोडला नाही, आणि पाण्यातून त्याला समोर काठावर शिट्टी घेतलेला बाप दिसत असेल.

विमानतळाला जाणाऱ्या गाडीत बसवताना स्टेशनवर त्रिपाठींनी त्यांचा खांदा दाबला. हा माणूस शहाणा होता, त्याला न सांगता सगळं समजलं होतं. "माताजी से कह दीजिए, दिल का दौरा पड़ा. पानी में हो जाता है. बात ख़त्म," तो म्हणाला. मास्तरांनी ते मुंबईपर्यंत पाठ केलं आणि मुंबईहून जळगावपर्यंत पुन्हा पाठ केलं.

घरी पोचले तेव्हा दुपारचं ऊन भाजत होतं. अंगणात शेजारच्या बायका आधीच येऊन बसल्या होत्या. धुरपदाबाईंनी पाणीसुद्धा विचारलं नाही.

"मिळना का?"

"नही."

"मंग शे तो."

"नही वं. गया तो." मास्तर ओट्यावर बसले. "पोहता पोहता हृदय बंद पडनं. तठला लोके बोलनात."

धुरपदाबाई हसल्या. ते हसू बघून बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. "हृदय? जावाना पहिले मुंबईना डाक्टरनी त्याले तपासं. छातीना फोटू काढा. घोडानी छाती शे म्हने. काहीबी सांगतस तुमले, आनि तुम्ही आयकी लेतस. दुसराच कोनी व्हई तो. मना हिरामणले पोहता येस."

बायकांतली एक हलकेच म्हणाली, "हो ना, प्रेत सापडलं नाही म्हणजे..."

"बघूच," दुसरी म्हणाली.

स्वयंपाकघराच्या दारात सुनंदा उभी होती. कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात पाण्याचा तांब्या. तिनं मास्तरांकडे पाहिलं आणि नजर खाली केली. इतकी थकलेली मान त्यांनी कवायतीत उन्हानं चक्कर आलेल्या पोरांचीही पाहिली नव्हती. आपण दिलेला शब्द आपण एका खोट्यावर निभावून नेणार होतो, आणि ते खोटंसुद्धा चाललं नाही, हे त्यांना समजलं.

"आयक," ते बायकोला म्हणाले. "तो पोहताच मरना."

मग त्यांनी सगळं सांगितलं. पाण्याची मागे जायची वाट, आणि त्या वाटेत सापडल्यावर काय करायचं असतं ते. हळू, शब्द शोधत सांगितलं. "बाजूले जातस तठे. काठाकडे जाई तो मरस. आपला हिरामण काठाकडेच पोहत ऱ्हायना. दम जावालोंग. आयुष्यभर मी त्याले तेच शिकाडं. दुसरा कोनी ना, मीच."

धुरपदाबाई नवऱ्याकडे बघत होत्या. आता ही ओरडेल, कपाळ बडवून घेईल, आपल्याला नाही नाही ते बोलेल, म्हणून मास्तर वाट बघत राहिले. त्यांना ते हवंच होतं.

पण धुरपदाबाईंनी विचारलं, "बाजूले कितलं जावानं व्हतं?"

मास्तरांनी अंगण पाहिलं. "ह्या ओटाथीन त्या समोरली भिंतलोंग."

धुरपदाबाई त्या भिंतीकडे बघत राहिल्या. शेणानं सारवलेली साधी भिंत, खाली कोंबडी चरत होती. मग त्या उठल्या, न्हाणीत गेल्या, आणि दिवसाआडच्या नळाचं साठवलेलं पाणी पिंपातून बादलीत ओतण्याचा आवाज आला. मेल्याची बातमी आली की घरानं अंघोळ करायची असते. इतके महिने या घरात ती कुणी केली नव्हती.

पहिलं पाणी त्यांनी नवऱ्याच्या डोक्यावर घातलं, कपड्यांसकट, तांब्यामागून तांब्या. मग सुनेला दगडावर बसवलं. रिवाजाप्रमाणे एक शेजारीण पदर खोचून पुढे आली, कुंकू पुसायला आणि बांगड्या फोडायला.

"तिले हात लावू नका," धुरपदाबाई म्हणाल्या. "पानीच ली जाई."

त्यांनी पाणी ओतलं. कुंकू नाकावरून, हनुवटीवरून उतरलं, चोळीवर सांडलं आणि दगडावरून मोरीत गेलं. सुनंदा आवाज न करता रडत होती, आणि तिला कुणी अडवलं नाही.

"तेरावं झायं का हिले धुळ्याले पोचाडी द्या," धुरपदाबाई नवऱ्याला म्हणाल्या. "भाऊ वाट देखस."

एवढं बोलून त्या स्वतः दगडावर बसल्या आणि भरलेला तांब्या मास्तरांच्या हातात दिला. "टाका आते."

मास्तर ओल्या कपड्यांत उभे होते. हात काही केल्या वर जाईना. धुरपदाबाई डोळे मिटून पाणी पडायची वाट बघत बसल्या.