डाव्या पायाचा ब्रेक

आपल्या घरात दोन बायका नांदतात, असं फिटरची बायकोच सगळ्यांना सांगायची. थोरली अंगणात पत्र्याखाली उभी असायची, काळीभोर, भारदस्त, टाकीवर सोनेरी रेघ ओढलेली. आणि धाकटी म्हणजे ती स्वतः. "मी मागाहून आले ना या घरात," ती म्हणायची, "सकाळी उठल्यावर आधी तिचं अंग पुसतात, मग माझ्याकडे चहा मागतात. सवतीचा मान मोठा बाई!"

थोरली म्हणजे फिटरची देशी मोटारसायकल. नुसती त्याच्या मालकीची नव्हे, त्याच्या हातची. ज्या कारखान्यात ती घडली, तिथेच त्याची सारी नोकरी झाली, तीही गिअर बसवायच्या विभागात. त्या गाडीची एक तऱ्हा होती. गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या. बाकी जगानं कधीच उलटं करून घेतलं होतं. गिअर डावीकडे, ब्रेक उजवीकडे. बाहेरच्या गाड्या बाजारात आल्या तेव्हा साहेबांनी कामगारांची सभा घेतली, म्हणाले, आपणही आता बाजू बदलू या. फिटर मागच्या रांगेतून उठला आणि म्हणाला, "साहेब, गाडीचं सगळं बदलाल, गिऱ्हाइकांचे पायपण बदलून देणार का?"

काय टाळ्या पडल्या म्हणता! पण टाळ्यांवर कारखाना चालत नाही. बाजू बदलली नाही, गिऱ्हाईक बदललं. फाटकाला कुलूप लागलं. आत आता गवत आणि एक म्हातारा पहारेकरी. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात तसं, कारखाना गेला, फिटरचा पीळ तेवढा राहिला.

त्या पिळाला रोज नवा वेढा द्यायचं काम त्याचा मेहुणा करायचा. बायकोचा धाकटा भाऊ, विलायती गाड्यांच्या शोरूममध्ये विक्रीला. येताना स्वतःच्या चकचकीत गाडीवरून यायचा आणि हेल्मेट काढायच्या आधी जीभ काढायचा.

"भावजी, तुमची गाडी चौकात वळली की आमच्या घरात कळतं. चहाचं आधण ठेवायला वेळ मिळतो."

"आणि तुझी येते तेव्हा शिवणयंत्र चालल्यागत वाटतं. कुणाचा सदरा शिवतोस रे?"

"शिवणयंत्र तर शिवणयंत्र. पण तेल गळत नाही. तुमच्या थोरलीनं अंगण ओलं केलंय, लंगोट बांधा तिला."

"गळतंय म्हणजे आत आहे. तुझ्या डोक्यातून कधी काही गळलेलं पाहिलं नाही मी."

बायको आतून म्हणायची, "भांडा, भांडा. घरात पोरं नाहीत लहान, तेवढीच करमणूक." मुलगी होती एक, पण ती मोठी, दवाखान्यात परिचारिका. तिला गाडी शिकायची होती तेव्हा फिटरनं थोरलीला हात लावू दिला नव्हता. "हिच्यावर शिकलीस तर बाहेरच्या गाडीवर तुझे पाय चुकतील," म्हणाला होता. खरं बोलला होता. ती मामाच्या गाडीवर शिकली.

तर असा सगळा सुखाचा तंटा. पण देव सुखाच्या तंट्यातसुद्धा कधी कधी हात घालतो, आणि का घालतो ते विचारायची सोय नसते.

बायकोच्या कमरेचा मणका सरकला. फार काही केलं नव्हतं; पाण्याची बादली उचलली एवढंच. महिनाभर ती आडवी होती. मग हळूहळू उठली, घरातल्या घरात चालू लागली. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, चाला, बसा, पण धक्का नको. हादरा तर मुळीच नको.

बायको इतर कशावाचूनही राहिली असती. तिचा जीव अडकला होता टेकडीवर. गावाबाहेरच्या टेकडीवर देवाचं लहानसं ठिकाण होतं, तिथं आठवड्यातून एकदा बायका जमून देवाची गाणी म्हणायच्या. पहिली ओळ हिची. ही सुरू करायची आणि बाकीच्या मागून उचलायच्या. लग्नाच्या पहिल्या वर्षापासून फिटर तिला थोरलीवरून वर नेत होता. वाट अरुंद, चारचाकी काय, रिक्षाही चढत नाही, आणि पायथ्यापासूनची चढण आता तिच्या कमरेला झेपणारी नव्हती. तो गाणं ऐकायला आत जात नसे. बाहेर थोरलीपाशी उभा राही आणि तिचा आवाज खिडकीतून आला की डोळे मिटून घेई. त्याची पूजा म्हणाल तर एवढीच.

बायको एकदा सहज म्हणाली, "त्या सगळ्याजणी सूर फार खाली धरतात म्हणे हल्ली." एवढंच. पण फिटरला त्या वाक्यानं जेवण गेलं नाही.

त्यानं थोरलीचे मागचे स्प्रिंग बदलले. बैठकीत दुप्पट स्पंज भरला. पायठेवण्यांना रबर गुंडाळलं. मग बायकोला अलगद बसवून कोपऱ्यापर्यंत नेलं. इतकी वर्षं तिचा हात त्याच्या उजव्या खांद्यावर असायचा, आणि त्या हाताची भाषा त्याला तोंडपाठ होती. हलकी थाप म्हणजे हळू घ्या. दोन बोटं म्हणजे थांबा, ओळखीचं कुणी दिसलं. त्या दिवशी खांद्यात पाची नखं रुतली होती. थोरलीचा ठोका मोठा, एकेक ठोका हाडात उतरणारा. तोच तर तिचा डौल होता. कोपऱ्यावरून त्यानं गाडी ढकलत परत आणली.

"चांगली झालीय की," बायको म्हणाली.

"हो," तो म्हणाला.

दुसऱ्याच दिवशी तो स्वतःच्या पायांनी शोरूमवर गेला. मेहुण्यानं त्याला दारात पाहिलं आणि हातातला चहा खाली ठेवला.

"भावजी, वाट चुकलात का?"

"तुझं शिवणयंत्र हादरतं का रे?"

मेहुण्याच्या ओठावर दहा टोमणे आले असतील. पण भाऊ होता तो. एकही बोलला नाही. "नाही हो," म्हणाला, "टाकीवर पाण्याचा पेला ठेवला तर सांडत नाही. माझी घेऊन जा. हवे तितके दिवस ठेवा. फक्त पुढच्या ब्रेकला हात हळू, फार तिखट आहे तो. मुख्य काम पायानंच करा."

आता मुख्य काम पायानं करा, हे सांगणं सोपं. फिटरनं पहिला उपाय केला तो फिटरचाच. गाडीखाली उताणा झोपला आणि पाहू लागला, की पोटाखालून एक आडवी दांडी टाकून गिअर उजवीकडे नेता येतो का. दांडी त्यानं घडवलीही असती. पण ज्यांनी ती गाडी केली त्यांनी पोटाखाली बोटभर जागा सोडली नव्हती. सगळीकडे सायलेन्सरची पेटी आणि तारांची जुडगी. तो बाहेर आला तेव्हा पाठीला माती लागली होती.

"जमेल?" बायकोनं दारातून विचारलं.

"गाडी वळत नाही. पाय वळवायला हवेत."

बंद कारखान्यामागे गाड्या तपासायचा गोल रस्ता होता. पहारेकरी जुना सोबती. त्यानं फाटक उघडून दिलं. याच गोलावर फिटरनं किती थोरल्या फिरवून पाहिल्या होत्या त्याला गणती नाही. आता त्याच जागी तो विलायती गाडीवर बसून पोरासारखा पुटपुटत होता, "डावा गिअर, उजवा ब्रेक. डावा गिअर, उजवा ब्रेक." पहारेकरी खुर्चीत बसून हसत होता.

"फिटर, नाव घेतल्यासारखं घेतोस रे! देव पावेल."

"देव पावो न पावो, पाय पावला पाहिजे."

आणि पावलाही. आठ-दहा दिवसांत गाडी लोण्यासारखी चालू लागली. पहारेकऱ्यानं मधेच काठी आडवी टाकून पाहिली, तरी बरोबर उजव्या पायानं थांबला. आता गंमत अशी, की काठी येणार हे त्याला माहीत होतं. माहीत असलेल्या संकटात मन पायाला आज्ञा करतं. न माहीत असलेल्या संकटात पाय मनाला विचारत नाही. मनाला उपदेश करता येतो हो, पायाला कान नसतात.

त्या आठवड्यात बायको नेसून, केसाला तेल लावून तयार झाली. मागे बसली, हात खांद्यावर ठेवला. गाडी निघाली. चौक गेला, दुकानं गेली. हात हलका होता, नुसता टेकलेला. थोड्या वेळानं ती बारीक आवाजात गुणगुणायला लागली. पहिली ओळ घासून पाहत होती. फिटरला मनात विलायती कंपनीच्या मालकाचे पाय धरावेसे वाटले.

गोदामाच्या गल्लीतून भंगारवाल्याची हातगाडी बाहेर आली. वेगात नव्हती काही. नेहमी येते तशी आली. फिटरनं पाहिली, वेळेवर पाहिली, आणि सगळं बळ लावून डावा पाय दाबला.

इतकी वर्षं ज्या पायानं तिला सांभाळलं तोच पाय. गाडी थांबली नाही. गिअर खाली पडला, इंजिन किंचाळलं, गाडीनं हिसका दिला. त्यानं आणखी जोरात दाबला, पुन्हा डावाच. शेवटी हँडल वळवलं आणि गाडी रस्त्याकडेच्या वाळूच्या ढिगात जाऊन रुतली. कुणी पडलं नाही. कुणाला खरचटलंही नाही. भंगारवाला म्हणाला, "काका, ब्रेक नाहीत का?"

फिटर आपल्या डाव्या बुटाकडे बघत होता. तो अजून दाबलेलाच होता.

बायको हळूच उतरली. कमरेवर हात ठेवून जरा वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "अहो, वाळू होती म्हणून बरं. मऊ होती." आणि रिक्षानं दोघं घरी आली.

तिचं दुखणं आठवडाभर वाढलं, मग पुन्हा पहिल्यासारखं झालं. तिनं एक शब्द काढला नाही. मेहुणा येऊन गाडी पुसून गेला, त्यानंही काढला नाही. एकदा तरी म्हणायचं होतं मेल्यानं, की बघा भावजी, देशीची खोड! फिटरला त्या टोमण्याची भूक लागली होती. पण घरात सगळे त्याच्याशी असे गोड वागत होते, जसं आजाऱ्याशी वागतात.

शेवटी मुलगीच म्हणाली, "बाबा, माझी सुट्टी गाण्याच्या दिवशीच घेते मी. मी नेते आईला. माझे पाय बरोबर आहेत ना."

टोचायला बोलली नव्हती ती. पण खरं होतं.

"मी काय करू मग?" फिटरनं विचारलं.

"तुम्ही या की मागून," बायको म्हणाली. "थोरलीला घेऊन. नाहीतर ती रुसेल."

तर तसे निघाले. पुढे विलायती, मुलगी चालवतेय, मागे तिची आई. त्यामागे थोरली, आणि तिच्यावर एकटा फिटर. मागची बैठक रिकामी, दुप्पट स्पंज भरलेली. इतक्या वर्षांत बायकोनं त्याची पाठ पाहिली होती. तिची पाठ तो आज पहिल्यांदा पाहत होता. लहान होती. तो समजत होता त्याहून बरीच लहान. पदर कमरेला खोचलेला, आणि हात मुलीच्या खांद्यावर, उजव्याच.

गोदामाची गल्ली आली. फिटरचा डावा पाय दाबला गेला. थोरली मंदावली. पुढची गाडी तशीच गेली.

त्यानं वेग घेतला, जवळ आला. वळणावर समोरून मालट्रक दिसला. पुन्हा पाय दाबला. थोरली गुणी, लगेच थांबायला बघायची. तिच्या ब्रेकमध्ये तसूभर खोट नव्हती, त्याच्याच हातचा होता. पुढची दोघं ट्रकशेजारून सुखरूप निघून गेली आणि अंतर आणखी वाढलं.

पायाला त्यानं बजावलं, "अरे, तिकडचा ब्रेक तुझ्याकडे नाही." पाय ऐकेल तर शपथ. खड्डा दिसला, दाबला. कुत्रं आडवं गेलं, दाबला. दर वेळी तो पुढच्या गाडीला थांबवत होता आणि दर वेळी थांबत होता तो. टेकडीच्या वाटेला लागेपर्यंत त्या दोघी बऱ्याच पुढे गेल्या. बायकोला मान वळवून बघता येत नव्हतं, कमरेमुळे. तिनं फक्त मुलीच्या खांद्यावरचा हात उचलला आणि मागच्या मागे हवेत दोन बोटं हलवली. थांबा, असं. पण मुलीला ती दिसणार कुठून? ज्याला दिसली त्याच्या हातात ती गाडी नव्हती.

तो वर पोचला तेव्हा विलायती गाडी सावलीत लावलेली होती आणि मुलगी पायरीवर बसली होती.

"किती उशीर, बाबा! आई थांबली होती हो तुमच्यासाठी. मग त्या बाकीच्या थांबेनात."

खिडकीतून गाणं येत होतं. पहिली ओळ होऊन गेली होती. बायकोचा आवाज आता बाकीच्यांत मिसळला होता, आणि कितीही कान दिला तरी तो वेगळा काढता येईना.

फिटरनं थोरली स्टँडवर लावली. डोळे मिटायची वेळ होती ती. पण त्याच्या डाव्या पोटरीत गोळा आला होता. तो खाली वाकून दोन्ही हातांनी पाय चोळत राहिला.