सरावाचे डोके आणि शनिवारची कात्री

मी एक जुने डोके आहे, मित्रांनो. नुसतेच डोके. मानेखाली माझे काही नाही, आणि त्याची मला खंतही नाही. ज्यांना मानेखाली सगळे मिळाले आहे, त्यांनी त्याचे काय केले ते मी टेबलावरून पुष्कळ पाहिले आहे.

केस कापायला शिकणाऱ्या मुली ज्या डोक्यावर हात बसवतात, ते मी. कारखान्यात माझा चेहरा ओतला गेला आणि त्यावर हसू रंगवले गेले. हसायचे आहे का, असे मला कुणी विचारले नाही. माझ्या खोक्यावर ‘शंभर टक्के खरे केस’ असे छापले होते. खरे म्हणजे कुणाचे, ते मात्र कुठेच छापले नव्हते. तेव्हापासून कुणी शंभर टक्के म्हटले की मला उरलेल्याचा संशय येतो.

खोके उघडले ते बडोद्यात, रावपुऱ्यातल्या एका ब्यूटी इन्स्टिट्यूटमध्ये. चष्म्याच्या दुकानावरचा दुसरा मजला. आम्ही अकरा डोकी होतो. प्रत्येकाला टेबलाच्या कडेला क्लॅम्पने आवळून बसवले होते. पहिल्याच दिवशी समोरचे कपाट चुकून उघडे राहिले. आत मागच्या वर्षीची डोकी रचून ठेवली होती. सगळी टकली, आणि सगळी हसत होती.

तुम्ही केस कापून घेता, मित्रांनो, आणि महिन्याभरात ते परत येतात. म्हणून तुम्ही सलूनमध्ये मासिक चाळत बसू शकता. आम्हाला केस एकदाच मिळतात. ते संपले की कपाट. तेव्हा जी मुलगी कात्री घेऊन माझ्यासमोर उभी राहील, तिच्यावर विश्वास ठेवायचा नाही, हे मी त्याच दिवशी ठरवले.

माझ्यासमोर उभी राहिली ती मुग्धा. वय एकवीस, दांडिया बाजारातली, बीकॉम झालेली. बीकॉम झालेली मुलगी कात्री का उचलते, हाही मला संशयच होता.

शिकवायला दीप्तीबेन होत्या. त्या म्हणायच्या, “जो बेन, बघा, हे डोकं समजू नका. क्लायंट समजा. बोला तिच्याशी. पाणी गरम आहे का, ओढ बसते का, विचारा. न विचारता कापणारे खूप आहेत बाजारात.”

मुली दोन दिवस विचारत राहिल्या. तिसऱ्या दिवशी शेजारच्या डोक्याची मुलगी एका हाताने फोन बघत दुसऱ्या हाताने कापू लागली. मुग्धा मात्र थांबली नाही. केसांचे भाग पाडायची, चिमटे लावायची, आणि फणी गुंत्याशी आली की हळूच म्हणायची, “दुखतंय का?”

एकदा नाही, रोज. प्लास्टिकला जो रोज गोड आवाजात विचारतो, त्याला नक्कीच काहीतरी हवे असते. मी वाट पाहत राहिले.

सुट्टीच्या दिवशी सराव करायला ती मला घरी नेऊ लागली. स्कूटरच्या पायाशी कापडी पिशवी, पिशवीत मी. एकदा सिग्नलला पिशवीचे तोंड सुटले. शेजारच्या रिक्षावाल्याने खाली पाहिले, मी त्याच्याकडे पाहून हसत होते. त्याने रिक्षा मागे घेतली आणि सिग्नल सुटल्यावरही पुढे आला नाही.

घरात चार माणसे. वडील नंदेसरीच्या केमिकल कारखान्यात. शिफ्ट संपवून आले की ते जेवत आणि झोपत, त्यामुळे त्यांचे मत कुणाला कळले नाही. आई निरुपमा. तिचे केस दाट, कुरळे, जन्मात कात्री न लागलेले, आणि चोवीस तास आंबाड्यात कोंडलेले. तिसरी मुग्धा. चौथे तात्यासाहेब, म्हणजे मुग्धाच्या वडिलांचे काका. त्यांचे आजोबा सरकारवाड्यात कारभारी होते आणि तात्यासाहेब स्वतः कोर्टातून निवृत्त झालेले. घरात काहीही नवीन आले की ते आधी त्याची चौकशी करत.

“हे कुणाचं डोकं?” त्यांनी विचारले.

“माझं, तात्या. सरावाचं.”

“सराव कसला?”

“कोर्सचा.”

खाली बिल्डिंगमध्येही निरुपमा एवढेच सांगत असे: मुग्धा कोर्स करते. ऐकणाऱ्यांना वाटे, कॉम्प्युटरचा. ती कुणाचा गैरसमज दूर करत नसे. दारावरची बेल वाजली की माझ्या चेहऱ्यावर टॉवेल पडे. माणसांना लाज कशाची वाटते, हे मी टॉवेलच्या आतून शिकले.

पहिल्याच शनिवारी मुग्धाने माझे केस ओले केले, तोच तात्यासाहेबांनी पेपर खाली घेतला.

“शनिवारी केस कापायचे नसतात.”

“तात्या, हे प्लास्टिकचं आहे.”

“केस खरे आहेत ना? खोक्यावर तसं लिहिलंय म्हणालीस. मग शनिवारही खरा.”

“अहो, पण मला सुट्टी शनिवारीच असते.”

“फणी फिरव. कात्री नको. अमावास्येलाही नको.”

मुग्धाने कात्री ठेवली. दर शनिवारी ती नुसती फणी फिरवी, भाग पाडी, बटा मोजी, आणि कापायची जागा बोटाने हवेत दाखवी. पुन्हा सोडी, पुन्हा धरी. आणि विचारी, “दुखतंय का?” मला वाटले, म्हाताऱ्याचा माझ्या केसांवर डोळा आहे. नाहीतर प्लास्टिकच्या डोक्याला कोण इतके जपतो?

पण हिशेब असा निघाला की दोन महिन्यांत इन्स्टिट्यूटमधली नऊ डोकी टकली होऊन कपाटात गेली. मी मात्र परीक्षेपर्यंत खांद्याएवढे केस राखून होते. मुग्धा पास झाली. दीप्तीबेन म्हणाल्या, “सरस. तुझा हात सावकाश चालतो.” ही स्तुती होती की तक्रार, ते मला अजून कळलेले नाही.

मग अलकापुरीतल्या एका मोठ्या सलूनमधून फोन आला. एकच जागा होती. मालक केयूरभाई स्वतः ट्रायल घेणार होते. आधी सरावाच्या डोक्यावर ड्रायर, मग जिवंत माणसाचा पूर्ण हेअरकट. डोकेही आपले आणायचे आणि माणूसही आपलाच. वार शनिवार, वेळ अकरा.

मुग्धाच्या हातात सहा दिवस होते आणि तिला एक माणूस हवा होता. ती आधी मैत्रिणींना विचारून आली, मग शेजारच्या वहिनींना, मग बिल्डिंगच्या सगळ्या मजल्यांवर. आता कोर्स कसला ते सगळ्यांना कळले, आणि सगळ्यांना एकदम शनिवार आठवला. ज्या मैत्रिणीने गेल्या शनिवारी केस रंगवले होते, तिच्या घरीही म्हणे शनिवार पाळतात. शनिदेवाचे इतके भक्त मी एका आठवड्यात कधी पाहिले नव्हते. मला संशय आला की त्यांना भीती शनीची नसून मुग्धाच्या कात्रीची आहे. ती भीती मला नवीन नव्हती. मी सहा महिने तीच बाळगून होते.

शुक्रवारी संध्याकाळी मुग्धा माझ्यासमोर बसली. टॉवेल काढला, पण फणी उचलली नाही.

“नाही जात मी,” ती म्हणाली. “माणूसच नाही तर काय दाखवू? बँकेचा फॉर्म भरते.”

स्वयंपाकघरातून निरुपमा बाहेर आली. तिने आंबाड्यातला काटा काढला. केस खाली आले ते येतच राहिले.

“मी येते,” ती म्हणाली.

तात्यासाहेबांनी पेपर बाजूला केला. “निरुपमा, उद्या शनिवार आहे.”

“ठाऊक आहे.”

“या घरात शनिवारी कात्री—”

“तात्यासाहेब,” निरुपमा शांतपणे म्हणाली, “मी या घरात आले तेव्हा तुम्ही नोकरीत होतात. तुमचे केस कधी कापून व्हायचे?”

तात्यासाहेबांनी पेपर पुन्हा उचलला.

“हाफ डे सुटला की रावपुऱ्यात, आणि तिथून घरी यायचात. माझ्याकडे आंघोळीचं पाणी मागायचात. हाफ डे कुठल्या वारी असायचा?”

तात्यासाहेबांनी पेपरची घडी घातली, मग घडीची घडी घातली. “ते सरकारी शनिवार होते,” ते म्हणाले आणि आत गेले.

मित्रांनो, मी तात्यासाहेबांवर संशय घेतला होता तो केस चोरण्याचा. तो चुकीचा निघाला. पण संशय घेणे चुकीचे नव्हते.

दुसऱ्या दिवशी सलूनमध्ये मला आरशासमोर आवळले. केयूरभाई पन्नाशीचे, काळा शर्ट, हात मागे बांधलेले. माझ्यावर ड्रायर झाला. ते म्हणाले, “चालशे.” मग निरुपमा खुर्चीत बसली. घरी आंबाडा सोडताना जी धिटाई होती, ती वाटेत कुठेतरी उतरली होती. तिने खुर्चीचे हात घट्ट धरले.

मुग्धाने तिचे केस ओले केले, भाग पाडले, आणि सवयीने तिचे कपाळ धरून मान जागेवर दाबली.

“अगं, मी क्लॅम्पवर नाही बसले,” निरुपमा म्हणाली.

“सॉरी, आई. पाणी गार नाही ना?”

“गार आहे. पण काप तू.”

मुग्धाने मागची एक बट ओढून खांद्याशी धरली, माझी धरायची तशीच. बोट लावले, मोजले आणि कापली. मग ती बट हातातून सुटली, आणि मित्रांनो, ती वर गेली. चार बोटे वर, मानेच्या मध्यावर, आणि तिथे गोल होऊन बसली.

माझे केस सरळ आहेत. ओले असोत की कोरडे, जिथे कापाल तिथेच राहतात. कुरळे केस ओले असताना लांब दिसतात, सोडले की आखडतात. हे वर्गात सांगितले होते, वहीत लिहिलेही होते. पण हाताला सवय माझी होती. सहा महिने मी ज्या मुलीकडे संशयाने पाहिले, तिला मीच चुकीचे शिकवले होते.

निरुपमाला ती बट दिसत नव्हती, कारण ती मागे होती. मुग्धाने ती चिमट्याखाली दाबली असती तर आईला घरी जाईपर्यंत कळले नसते. केयूरभाई चार पावले दूर उभे होते आणि त्यांनी कितपत पाहिले होते ते सांगता येत नव्हते. मी आरशातून मुग्धाच्या हाताकडे पाहिले. हा हात आता काय करतो, हे मला पहिल्या दिवसापासून पाहायचे होते.

तिने कात्री खाली ठेवली.

“आई, चुकलं,” ती म्हणाली. “मागची बट चार बोटं जास्त गेली. ती आता परत येणार नाही.”

निरुपमाने हात मागे नेऊन चाचपले. “चारच ना?”

“चार. पण आता सगळेच तेवढे वर घ्यावे लागतील. थरांत कापते, म्हणजे ही बट सर्वांत आखूड दिसेल, चुकलेली नाही. कोरडे करून कापते. प्रत्येक बट आधी सोडून बघते. नको असेल तर इथेच थांबते.”

निरुपमा आरशात मुलीकडे बघत राहिली. “सहा महिने त्या बाहुलीला विचारत होतीस, दुखतंय का,” ती म्हणाली. “तेव्हा मला वाटायचं, पोरगी वेडी झाली. काप.”

सव्वा तास लागला. प्रत्येक बट धरली, सोडली, पाहिली, आणि मगच कापली. शनिवारची ती फणी मला ओळखू आली. शेवटी निरुपमा उठली, मान इकडून तिकडे हलवली आणि म्हणाली, “मानेला वारा लागतोय.” तिच्या आवाजात तक्रार नव्हती.

केयूरभाई पुढे आले. “बेन, कट ठीक आहे. ग्रेट नाही. वेळ दुप्पट घेतला.” मग म्हणाले, “पण चूक झाली तेव्हा तू क्लायंटला सांगितलंस. इथे मुली सांगत नाहीत. क्लायंट घरी जाऊन आरशात शोधते, आणि मग मला फोन करते. सोमवारपासून ये. तीन महिने फक्त केस धुवायचे. कात्री दिवाळीनंतर.”

घरी तात्यासाहेब दार उघडायलाच उभे होते. त्यांनी सुनेच्या डोक्याकडे पाहिले, पुढून आणि मग मागून. बिल्डिंगच्या दोन वहिनीही जिन्यात अकारण उभ्या होत्या.

“काय तात्यासाहेब,” एक म्हणाली, “मुग्धाचा कोर्स झाला वाटतं?”

“हेअर ड्रेसिंगचा,” तात्यासाहेब मोठ्याने म्हणाले. “अलकापुरीत नोकरी लागली.” मग आत येऊन, दार लावून, हळूच: “मुग्धा, माझे मानेवरचे जरा बघशील? येत्या शनिवारी मला वेळ आहे.”

आता मी मुग्धाच्या कपाटावर असते. कपाटात नाही, कपाटावर. तोंडावर टॉवेल नाही. केस विरळ झाले आहेत, उजव्या कानामागे प्लास्टिक चिरले आहे, हसू तेवढे शाबूत आहे. नवीन काही शिकून आली की मुग्धा मला खाली घेते, आणि अजूनही कात्री उचलण्याआधी तोच प्रश्न विचारते.

मित्रांनो, संशय घेऊ नका असे मी सांगणार नाही. तो मला बरा मानवला. पण ज्या वस्तूंवर तुम्ही हात बसवलात, त्या कपाटात कोंबू नका. त्यांचे गेले ते परत येत नाही. आणि कात्री हातात असेल तर आधी विचारा. आणि कुणी तुम्हाला विचारले, दुखतंय का, तर उत्तर द्या. सहा महिने मला रोज कुणीतरी विचारत होते, आणि माझे तोंड कारखान्यात रंगवून बंद केले होते. तुमचे तसे नाही.