राखेतली बाजरी

मी तुंबा बोलतोय. वाळलेल्या कडू भोपळ्याचा, पोटात आता काहीही नसलेला. चार दिवस झाले, माझा अजून विश्वास बसत नाही.

माझा जन्म उत्तर घानातला. आसिबीच्या आईने मला कोरलं, वाळवलं आणि माझ्यात राख लावून बाजरीचं बी भरलं. पहिल्या पावसावर पेरायची नि अडीच महिन्यांत कापायची अशी ती बाजरी. जुनं धान्य संपलं की तीच घराला तारायची. पण तिकडचा पहिला पाऊस आता फसवतो. एक सर येते, पेरणी होते, कोंब वर येतात आणि पुढे तीन आठवडे नुसतं ऊन. सलग तीन वर्षं असंच झालं. शेजाऱ्यांनी ही बाजरी सोडून मका धरला. आसिबीच्या घरचं बी दुबार पेरणीतच संपत आलं. उरलं ते माझ्या पोटात.

"घरात राहिलं तर भुकेच्या दिवसांत आपणच खाऊन टाकू," म्हणत म्हातारीने मला बहरीनला कामाला निघालेल्या लेकीच्या, आसिबीच्या, बॅगेत घातलं. लेक येत्या एप्रिलमध्ये रजेवर जाणार, तेव्हा पेरायचं ठरलं.

इथे बहरीनमध्ये, अदलिया भागातल्या या फ्लॅटमध्ये आसिबी छोट्या स्पृहाला सांभाळते. तिची खोली उन्हाळ्यात फार तापायची, म्हणून मला किचनमध्ये ठेवू का, असं तिने स्पृहाच्या आईला, लीनाताईंना विचारलं. त्या ऑफिसच्या कॉलवर होत्या. "ओके, ओके," म्हणाल्या. दर शुक्रवारी आसिबी मला फोनसमोर हलवायची. बी खुळखुळलं की तिकडे म्हातारी खूश.

मग भोगी आली. संध्याकाळी पाहुणे जेवायला, आणि दुकानातलं बाजरीचं पीठ निघालं कडवट! आसिबीची त्या दिवशी सुट्टी होती. तीळ शोधताना लीनाताईंचा हात माझ्यावर पडला.

"अय्या, बाजरी! आसिबीला दुसरी आणून देऊ." मग राख दिसली. "शी, किती घाण!"

तीन पाण्यांत धुतली हो! पंख्याखाली सुकवली, मिक्सरला फिरवली. मी जिवाच्या आकांताने ओरडत होतो, पण तुंब्याचं कोण ऐकतं?

पहिली भाकरी खाऊन शेजारच्या नुसरतभाभींनी विचारलं, "इतकी चांगली बाजरी कुठं गावली?" त्या रायगडच्या. लीनाताईंनी हसत हसत सगळं सांगितलं, राखेसकट. भाभींचा घास हातातच राहिला.

"लीना, राखेत तर बियाणं ठेवतात. माझी आजी ठेवायची."

"माझीपण," लीनाताई पुटपुटल्या. त्यांना ठाऊक होतं! मला अजून तेच पचत नाही.

आसिबी परतली तेव्हा मी ओट्यावर पालथा होतो. तिने मला उचललं, आत पाहिलं. "मॅडम, दॅट वॉज नॉट फूड." एवढंच बोलून ती फरशीवर बसली.

"आसिबी, सॉरी! मी इंडियातून दहा किलो मागवते," लीनाताई रडवेल्या होऊन म्हणाल्या. माणसं वाईट नाहीत हो ती. पण भुकेल्या घराने जे तोंडाला लावलं नाही, ते भरल्या पोटांनी एका जेवणात संपवलं.

धान्याला राख दिसली तर धुण्याआधी कुणाला तरी विचारा, एवढंच माझं मागणं आहे.

आज शुक्रवार. फोन लागलाय. आसिबीने मला घट्ट धरलंय. तिकडे म्हातारीने फोन कानाशी नेलाय आणि म्हणतेय, "हलव ना गं."