एप्रिलची कोरी ओळ

मी चामड्याची बॅग आहे. रंग तपकिरी, पट्टा रुंद, आणि पोटात अकरा खण. आता माझी शिवण दोन ठिकाणी उसवली आहे आणि मला कोणी उचलत नाही. पण एका दिवसाबद्दल मला सांगायचं आहे. तो दिवस माझ्यासमोर घडला, आणि त्यात थोडा दोष माझाही होता.

माझा जन्म १९९६ साली कोल्हापुरात, सुभाषनगरात झाला. मला शिवणाऱ्या तानाबाई चपला करायच्या. बॅग त्यांनी कधी शिवली नव्हती. एक दिवस जयसिंगपूरची एक तरुण बाई कागदावर चित्र काढून घेऊन त्यांच्याकडं आली. तिचं नाव दानेश्वरी. कोल्हापुरातल्याच एका ट्रस्टच्या रक्तपेढीत ती कॉम्प्युटर सांभाळायला नुकतीच लागली होती.

"एवढं खण कशाला गं?" तानाबाईंनी विचारलं.

"प्रत्येक वस्तूला एक. खण रिकामा दिसला की लगेच कळतं, काय राहिलंय."

"आन् ह्यो लांबुडका?"

"स्क्रू-ड्रायव्हरला."

तानाबाईंनी तिच्याकडं एकदा नीट बघितलं, मग सुईत दोरा ओवला.

पहिल्या खणात वही असायची. दानेश्वरी मॅडम कॉम्प्युटरला हात लावण्याआधी ती उघडायच्या. काय बिघडलं, काय बदललं, किती वाजता, सगळं त्यात लिहायच्या. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि ती लिहूनच पुढं जायचं, असा त्यांचा शिरस्ता होता. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना त्यांनी चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. रक्तपेढीतले जुने क्लार्क बाळासो त्यावर हसायचे. "मॅडम, आता माझ्या कपाळाला बी एक चिठ्ठी लावा की," म्हणायचे.

चौथ्या खणात चार फ्लॉप्यांचा एक संच होता. रक्तदात्यांच्या यादीची नक्कल. सहा हजार माणसांची नावं, गट, पत्ते. यादी मोठी, म्हणून चार फ्लॉप्यांत तोडून भरलेली. एक वाचता आली नाही की तिच्यापुढचं सगळं अडलं. तसाच दुसरा संच मॅडमच्या घरी जयसिंगपूरला, स्टीलच्या डब्यात असायचा. दोन्ही संच एका छपराखाली ठेवायचे नाहीत, असं त्यांनी स्वतःला बजावलं होतं. आणि महिन्याच्या शेवटच्या शनिवारी मॅडम दुसऱ्या कॉम्प्युटरवर फ्लॉप्या घालून यादी परत काढून बघायच्या. निघाली की वहीत एक ओळ लिहायची, 'चाचणी झाली', आणि खाली सही.

तीन वर्षं एकही महिना चुकला नाही.

१९९९च्या एप्रिलमध्ये त्यांच्या धाकट्या बहिणीचं, पवित्राचं लग्न ठरलं. त्या महिन्यात मॅडमची नुसती पळापळ. एका दुपारी मला घेऊन त्या लग्नाच्या खरेदीला गेल्या आणि मला भावाच्या जीपच्या पुढच्या काचेजवळ विसरल्या. दोन तास मी त्या उन्हात पडून होते. चामडं इतकं तापलं की मलाच सोसेना. चौथ्या खणात काहीतरी हलकेच वाकल्याचं मला जाणवलं. पण मला तोंड कुठलं?

त्या महिन्याचा शेवटचा शनिवार हळदीचा दिवस होता. वहीतली ती ओळ कोरी राहिली.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात, एका मंगळवारी, सकाळी पावणेअकराला मुख्य कॉम्प्युटरमधून टक-टक असा आवाज आला आणि पडदा काळा झाला. मॅडमनी कान लावून ऐकलं. "डिस्क गेली," त्या शांतपणे म्हणाल्या. दुसरा कॉम्प्युटर दुरुस्तीला गेला होता, पण कपाटात नवी डिस्क होती, माझ्यात फ्लॉप्या होत्या. संध्याकाळपर्यंत होऊन जाईल, असं त्यांना वाटलं.

सव्वाअकराला रक्तपेढीचे मोठे डॉक्टर आत आले. त्यांच्यामागं एक शेतकरी माणूस, हातात टोपी.

"हे गुंडू, कळंब्याचे," डॉक्टर म्हणाले. "यांची बायको अक्काताई काल शेजारच्या दवाखान्यात बाळंत झाली. रक्त फार गेलंय, अजून थांबत नाही. ऑपरेशन करायचं तर रक्त पाहिजे. ओ गटाच्या सात बाटल्या तपासून बघितल्या, एकही जुळत नाही. आत्ता कळलं, तिचा बॉम्बे गट आहे. तसला माणूस हजारो लोकांत एखादा सापडतो आणि तिला त्याचंच रक्त चालतं. आपल्या यादीत असे तिघं आहेत. त्यांचे पत्ते द्या."

मॅडमनी काळ्या पडद्याकडं बघितलं. "सर, डिस्क गेलीय. यादी परत काढावी लागेल."

"जुनी कार्डं?"

"कॉम्प्युटर आल्यावर पोत्यात भरून ठेवलेली," बाळासो म्हणाले. "वाळवी लागली. गेल्या साली टाकून दिली."

"भिंतीवर एक कागद होता ना, या तिघांच्या नावांचा?"

"रंग दिला तवा निघाला त्यो."

गुंडू म्हणाला, "माझं काढा की डॉक्टर. लागंल तेवढं काढा."

"तुमचं जुळत नाही हो."

तो बाहेरच्या बाकावर जाऊन बसला. दार उघडंच होतं, आणि पुढचे सगळे तास तो तिथून आमच्याकडं बघत होता.

मॅडमनी वही उघडली. नवी डिस्क कशी बसवायची, कुठली वायर कुठं, प्रोग्रॅम कुठल्या क्रमानं घालायचे, सगळं त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं. त्या एकेक ओळ वाचायच्या, करायच्या आणि पुढं बरोबरची खूण करायच्या. क्रम कुठंही चुकला नाही. मी टेबलावर उघडी पडले होते. त्या न बघता हात घालत होत्या आणि हवी ती वस्तू हाताला लागत होती.

पाऊण वाजता प्रोग्रॅम सुरू झाला. पहिली फ्लॉपी वाचली. दुसरी वाचली. तिसरी आत गेली आणि घरघर करायला लागली. मला ती घरघर आतपर्यंत कळली. पडद्यावर आलं, की वाचता येत नाही.

"घाला की परत," बाळासो म्हणाले.

"नको. दुखावलेल्या जागेवर परत परत घासलं की आहे ते पण जाईल." मॅडमनी फ्लॉपी बाहेर काढली. मग वहीची मागची पानं चाळली. मार्च, सही. एप्रिल, काही नाही. मॅडम त्या कोऱ्या ओळीकडं बघत राहिल्या. आपण काय केलं नाही, ते त्यांना तेव्हा कळलं.

पुढच्या क्षणी त्यांनी फोन उचलला. जयसिंगपूरला त्यांच्या आईनं, शिवम्मांनी घेतला.

"अव्वा, फडताळातला स्टीलचा डबा. त्यात चार फ्लॉप्या आहेत. कोणाबरोबर तरी एसटीनं पाठव, आत्ताच्या आत्ता."

"कुणाच्या हातात न्हाय देत मी. मीच येतो घेऊन."

"ऊन आहे अव्वा."

"असू दे. ठेव फोन."

मग वाट बघणं. एवढा लांब वेळ मी कधी पाहिला नाही. मॅडमनी घरून दुसरा संच येईल तेव्हा वेळ जाऊ नये म्हणून बाकीचं सगळं तयार ठेवलं. डॉक्टर दोनदा येऊन गेले. दुसऱ्यांदा म्हणाले, "तिचा रक्तदाब घसरतोय." बाळासोंनी गुंडूला चहा दिला. त्यानं तो हातात धरला आणि तसाच गार होऊ दिला.

तीनला दहा कमी असताना शिवम्मा दारात आल्या. चेहरा लालबुंद. डबा पदरात गुंडाळून छातीशी धरलेला. "डायवरजवळ जागा हुती, पण इंजिन तापतंय म्हणून मागं उभी ऱ्हायलो," त्या म्हणाल्या आणि भिंतीला टेकून खाली बसल्या.

पहिली. दुसरी. तिसरी आत गेली. ती वाचली. चौथीही वाचली.

तीन नावं पडद्यावर आली. पहिला फोन कायमचा बंद झालेला. दुसरा माणूस पुण्याला गेलेला, घरच्यांना तिथला पत्ता माहीत नाही. तिसरा आजऱ्याचा, काजूच्या कारखान्यात कामाला, नाव पिराजी. त्याचा फोन म्हणजे शेजारच्या किराणा दुकानाचा पी.पी. नंबर. दुकानदार म्हणाला, "थांबा, बलवतो." पाच मिनिटं मॅडम फोन कानाला धरून उभ्या होत्या.

"पिराजी बोलतोय."

मॅडमनी सांगितलं.

"बाई जित्ती हाय न्हवं?"

"आहे."

"मग निघतो. जीप बघतो कुणाची तरी."

साडेसहाला तो आला. अंगावर कारखान्यातलेच कपडे, बोटं काजूच्या चिकानं काळी पडलेली. गुंडू उठून उभा राहिला. पिराजीनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि रक्त द्यायला आत गेला.

अक्काताई वाचली. ऑपरेशन झालं, रक्त थांबलं. बाराव्या दिवशी तान्ह्या मुलीला घेऊन ती घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम वही घेऊन बसल्या. त्यांनी लिहिलं: 'एप्रिलची चाचणी केली नाही. बॅग उन्हात राहिली. तिसरी फ्लॉपी खराब होती. दोन तास गेले. चूक माझी.'

बाळासो वाचत होते. "कशाला लिवताय? बाई वाचली. कोण इचारतंय आता?"

"पुढच्या वेळी वाचली नाही तर?"

ट्रस्टचे अध्यक्ष विजयसिंह यांनी ती ओळ वाचली आणि मॅडमना लेखी ताकीद दिली. मॅडमनी तो कागद घडी करून माझ्या शेवटच्या खणात ठेवला. त्या आठवड्यात मॅडम दोन रात्री नीट झोपल्या नव्हत्या, हे मला त्यांच्या खांद्यावरून कळलं. पण त्याच आठवड्यात तीन कामं झाली. त्या तीन नावांचा कागद काचेच्या चौकटीत घालून भिंतीवर लागला. प्रत्येक संचाची आणखी एक नक्कल बँकेच्या लॉकरमध्ये जायला लागली. आणि महिन्याच्या चाचणीच्या ओळीत दोन सह्या आल्या. एक मॅडमची, दुसरी बाळासोंची. बाळासो स्वतःहून मागं लागायचे, "मॅडम, शनवार हाय आज. काढा फ्लॉप्या."

पुढं फ्लॉप्या गेल्या, सीडी आल्या, मग टेप आल्या. मॅडमना लॅपटॉप मिळाला आणि त्याबरोबर नायलॉनची काळी बॅग. मी कपाटावर गेले. बाळासो निवृत्त झाले. गेल्या वर्षी, २००८ साली, मॅडमही मोठ्या नोकरीसाठी बेळगावला गेल्या. जाताना त्यांनी मला खाली काढलं, अकराही खणांत हात घालून बघितला आणि वही माझ्यात परत ठेवली.

आता त्यांच्या जागी अनुजा आहे. हुशार आहे, कामाला वाघीण आहे. नकला आता आपोआप निघतात. रोज सकाळी पडद्यावर हिरवी खूण येते, ती बघून अनुजा चहाला जाते. कपाटावरून मी बघते. चौदा महिने झाले, तिनं एकदाही यादी परत काढून बघितलेली नाही. खूण हिरवी आहे, म्हणजे सगळं ठीक असेलही. तिसरी फ्लॉपीही बाहेरून अगदी चांगली दिसत होती.

अनुजा, मला टाकून द्यायचं असेल तर दे. चामडं सुकलंय, माझा उपयोग नाही. पण बाळ, आज दुपारी तुझ्याकडं अर्धा तास मोकळा आहे. दुसऱ्या कॉम्प्युटरवर यादी एकदा काढून बघ. बाहेरच्या बाकावर आत्ता कोणी बसलेलं नाही.