काळजातले हिरवे थेंब

माझी बायको कोकिळा गेली ते मला वणीच्या दवाखान्यात कळलं. मी खालून चहा घेऊन वर आलो, तर नर्सनं पडदा ओढून घेतला होता. चहा हातातच राहिला.

तोवर मी लोकांना सांगत होतो, बायकोला काळजाचा आजार आहे. आमच्याकडे बोकडाचं काढतात ते काळीज, म्हणजे लिव्हर. लोक हृदय समजले. आमच्या गावी, मुकुटबनला माती झाली त्या दिवशी माझा मुलगा अक्षय कोणाशी तरी बोलताना 'लिव्हर' म्हणाला, आणि माझा चुलतभाऊ उकंडा वळला.

"लिव्हर? मंग वहिनी घेत होती का?"

तिनं कधी दारूला बोट लावलं नाही. पण गावात लिव्हरचा अर्थ तेवढाच.

माझी भाची सुरभी यवतमाळच्या एका कॉलेजात लिव्हरवरच संशोधन करते. तपासणीसाठी कोकिळाच्या लिव्हरचा बारीक तुकडा काढला होता. त्यातला उरलेला सुरभीनं मामीला विचारून घेतला होता. मामी तेव्हा हसली होती.

"कोंबडीची कलेजी मांगते तशी मांगून राह्यली! घे वं माय, तिखट कमी टाकजो."

कोकिळा गेल्यावर तो तुकडा पाहायला मी यवतमाळला गेलो. सुरभीनं खोलीत अंधार केला. मायक्रोस्कोपमध्ये निळे ठिपके दिसले, आणि त्यांच्या भोवती चमकणारे हिरवे थेंबच थेंब.

"मामाजी, निळं ते पेशीचं केंद्रक. हिरवी ते चरबी. प्रत्येक रंग आपापल्याच जागी चिकटते."

आमचं फवारणीचं औषध पिकावर, तणावर, अंगावर सगळीकडे उडतं. हा हिरवा रंग डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशीत शिरून नेमका चरबीवरच बसतो. सुरभी आणि तिच्या मॅडम तो स्वतः बनवतात. मी पुन्हा पुन्हा डोळा लावून पाहिलं. कोकिळाच्या आतलं एवढं मी कधी पाहिलं नव्हतं.

"मंग उकंड्याले फोनवर सांग, हे दारूचं नाही म्हणून," मी म्हणालो.

सुरभीनं खोलीतला दिवा लावला.

"नाही सांगता येत, मामाजी. दारूनंही असेच थेंब येतात, शुगरनंही. मामी पेत नव्हती हे मले माहीत आहे. रंगाले माहीत नाही."

ती हो म्हणाली असती तर मला ते खरंच वाटलं असतं. ती नाही म्हणाली.

गावी येऊन मी उकंडाला सगळं सांगितलं, जे दिसलं ते आणि जे दिसत नाही तेही.

"मंग कसं कळन?" तो म्हणाला.

चरबी दाखवणारा रंग तयार आहे. ती कशानं आली हे सांगणारा रंग अजून बनलेला नाही.