गार्डन लीव्हमधली दाढ

दातांच्या दवाखान्यांना खुर्च्या विकण्यात तिची अकरा वर्षं गेली होती. शहरातल्या जवळजवळ प्रत्येक डेंटिस्टकडे तिनंच विकलेली खुर्ची होती. दुसऱ्या कंपनीत जायचं ठरवून तिनं राजीनामा दिला, तेव्हा साहेबांनी लॅपटॉप, फोन आणि गाडीची किल्ली काढून घेतली.

"आता तीन महिने गार्डन लीव्ह. घरी बसायचं, पगार चालू. पण एकाही गिऱ्हाइकाशी संपर्क नाही," साहेब म्हणाले. "आणि कमिशन विसरा. घरी बसलेल्याला कसलं कमिशन?"

डेंटल कॉलेजची चाळीस खुर्च्यांची ऑर्डर तिनं दीड वर्ष चपला झिजवून जमवली होती. फक्त सही बाकी होती.

आठवडाभर ती घरात तोंड फुगवून वावरली. मग लेकीच्या नादानं पोहायला शिकू लागली आणि चक्क रमली.

"पगारी उनाडकी! आमच्या नशिबी कधी आली नाही बघ," वडील चिडवायचे. ते छापखान्यात मुद्रितशोधक होते. निवृत्त झाले तरी औषधाच्या बाटलीवरचा मजकूरसुद्धा पेन्सिल घेऊन वाचत.

दुसऱ्या महिन्यात तिची दाढ ठणकायला लागली. गाल टम्म फुगला. आता जायचं कुणाकडे? सगळे डेंटिस्ट तिचीच गिऱ्हाइकं!

"आजोबा, आईला जनावरांच्या डॉक्टरकडे नेऊ या," लेक म्हणाली.

"मला हसवू नकोस गं, दुखतंय!"

शेवटी तिनं कंपनीच्या एचआर अधिकाऱ्याला ईमेल करून रीतसर परवानगी मागितली. तासाभरात गंभीर उत्तर आलं: 'आपण पुढील महिनाअखेरपर्यंत कंपनीच्या सेवेत असल्याने ग्राहकांशी व्यवसायाविषयी बोलू नये. उपचारास हरकत नाही.'

डेंटिस्टनं तिच्या तोंडात कापूस कोंबला आणि गप्पा सुरू केल्या. "अभिनंदन हं! मी डेंटल कॉलेजात शिकवायला जातो ना, त्यांनी परवा चाळीस खुर्च्यांवर सही केली."

"आँ? आँ!" याहून जास्त काही बोलणं तिला शक्यच नव्हतं.

घरी येऊन तिनं कागदावर खरडून बाबांना बातमी सांगितली. त्यांनी तिचं करारपत्र मागून घेतलं आणि ओळीखाली पट्टी धरून वाचत बसले. नवव्या पानावर पट्टी थांबली.

"'सेवेत असताना सही झालेल्या ऑर्डरवर कमिशन देय राहील.' कामावर हजर असताना, असं नाही म्हटलेलं. आणि तू सेवेत आहेस, हे त्यांनीच ईमेलमध्ये लिहून दिलंय!"

दोन्ही कागद जोडून तिनं साध्या भाषेत पत्र पाठवलं. चार दिवसांनी एचआर अधिकाऱ्याचाच फोन आला. "मॅडम, तुमचं म्हणणं बरोबर आहे. शेवटच्या पगाराबरोबर पूर्ण कमिशन जमा होईल. साहेबांना मी समजावलंय. पण ते कलम शोधलं कुणी?"

"बाबांनी."

"त्यांना नोकरी हवीय का, विचारा हो!"

स्पीकरवर ऐकणारे बाबा लाजून लाल झाले. तिनं फोन ठेवला आणि अकरा वर्षांत पहिल्यांदाच भरदुपारी, घरच्या दिवाणखान्यात, लेकीचे दोन्ही हात धरून गरागरा फुगडी घातली. बाबा टाळ्या वाजवत ओरडत होते, "अगं हळू! टेबल सांभाळा!"